जंतुसंसर्ग, मेंदू आणि माणसाचे वर्तन
(वडाळा येथे शिक्षक, आरोग्य कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वडाळ्याचे नाव घेतले की बहुतेकांना येथील विठ्ठलमंदिर आणि आषाढीची गर्दी आठवते. आम्हा वैद्यकीय व्यवसायातील मंडळींना मात्र प्रथम आठवते ते अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय. मुंबईचे तत्कालीन महापालिका आयुक्त हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ यांच्या प्रयत्नाने १८९० साली बेघर कुष्ठरुग्णांसाठी येथे आश्रम उभा राहिला. याच अ‍ॅक्वर्थसाहेबांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने मराठी पोवाडे जमवून १८९१ मध्ये प्रसिद्ध केले. पण तो विषय आजचा नव्हे.

आजचा विषय मेंदूचा. कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतो, मेंदूवर नाही. त्याला शरीराचे थंड भाग मानवतात. म्हणून त्वचेलगतच्या नसा, हात, पाय, नाक यांना तो धरतो. तरीही कुष्ठरुग्ण अबोल होतो, माणसे टाळतो, कधी चिडखोर होतो, हे येथे काम करणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. हा बदल जंतूने केलेला नसून तुम्ही-आम्ही केलेला असतो. घराबाहेर काढलेल्या माणसाचे मन जसे होईल तसेच ते होते. हे मी आरंभीच सांगितले, कारण पुढे ज्या रोगांविषयी बोलणार आहे त्यांत नेमके उलटे घडते. तेथे जंतू खरोखरच मेंदूत शिरलेला असतो आणि आपण मात्र दोष स्वभावाला, वळणाला किंवा बाहेरच्या बाधेला देत बसतो.

साध्या तापात आपली स्थिती काय होते ते आठवा. अन्न नकोसे होते, अंधारात पडून राहावेसे वाटते, वाचलेले ध्यानात राहत नाही. हा आळस नव्हे. संसर्गाशी झुंजणाऱ्या पेशी रक्तात काही रसायने सोडतात. त्यांचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचतो आणि मेंदू शरीराला विश्रांतीचा हुकूम देतो. अशी झुंज चालू असता ऊतींत जे घडते त्यालाच आपण दाह म्हणतो. ही रसायने मनाची अवस्था बदलू शकतात याचा पुरावा एका औषधानेच दिला. कावीळ क या रोगावर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने देत असत. शरीर स्वतः तयार करते त्यांपैकीच हा एक पदार्थ. ती इंजेक्शने घेताना अनेक चांगले हसतेखेळते रुग्ण खोल नैराश्यात गेले.

वृद्धांच्या बाबतीत तर ताप यावाच लागत नाही. काल व्यवस्थित बोलणारे आजोबा आज घरच्यांना ओळखत नाहीत, रात्री उठून निघून जायला पाहतात. 'वय झाले' म्हणून घरचे गप्प बसतात. पण काही तासांत किंवा एकदोन दिवसांत आलेला असा गोंधळ वयाचा नसतो. वयामुळे होणारा विसराळूपणा महिन्यामहिन्यांनी वाढतो. अचानक आलेल्या गोंधळाच्या मागे पुष्कळदा लघवीतील किंवा छातीतील संसर्ग असतो आणि तो बरा केला की आजोबा बहुधा पुन्हा पूर्ववत होतात.

मेंदूत जंतू प्रत्यक्ष शिरतो तेव्हा वेड लागल्यासारखी लक्षणे दिसू शकतात, हे वैद्यकाला उमगण्यास फार काळ लागला. उपदंशाच्या जुन्या रोग्यांना बढाईखोर भ्रम होत, स्मृती जाई आणि शेवटी ते वेड्यांच्या इस्पितळात मरत. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांनी अशा रोग्यांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दाखवले. पुढे पेनिसिलीन आले आणि हा प्रकार जवळजवळ दिसेनासा झाला. वेडाचा एक संपूर्ण वर्गच संसर्गाच्या खात्यावर वळता झाला.

आपल्या राज्याला या बाबतीत स्वतःचा एक दुःखद वाटाही आहे. १९६५ साली नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा या गावी तापाच्या रोग्यांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला एक नवा विषाणू सापडला. गावाचेच नाव त्याला मिळाले. वाळूमाशी, जिला सँडफ्लाय म्हणतात, ती तो पसरवते. २००३ मध्ये आंध्र प्रदेश व पूर्व महाराष्ट्रात आणि २०२४ मध्ये गुजरातेत त्याने लहान मुलांचे बळी घेतले. ताप, ओकाऱ्या, झटके, बेशुद्धी आणि एकदोन दिवसांत मृत्यू असा त्याचा वेग असतो. तेथे विचार करीत बसायला अवधीच नाही. भिंतींच्या भेगा बुजवणे, गोठा घरापासून दूर ठेवणे आणि झटका आलेल्या मुलाला थेट रुग्णालयात नेणे, एवढेच पंचायतीच्या हाती आहे.

परंतु मला आज अधिक वेळ द्यावयाचा आहे तो सावकाश येणाऱ्या शत्रूला. येथून जवळच शिवडीला महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय आहे. क्षय म्हणजे खोकला आणि छाती, अशी आपली समजूत. तोच जंतू रक्तावाटे मेंदूच्या आवरणांत पोहोचला की मेंदूच्या तळाशी चिकट स्राव साचतो. त्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, मेंदूतील पाण्याची वाट तुंबते आणि दाब वाढतो. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडण्यापूर्वी हा रोग झालेले मूल वाचत नसे. आज वाचते, पण केव्हा उपचार सुरू झाला यावर सारे अवलंबून असते. मूल शुद्धीवर असताना औषध मिळाले तर बहुतेक मुले बरी होतात. बेशुद्ध झाल्यावर मिळाले तर जीव जातो, किंवा जीव राहिला तरी दृष्टी, चालणे वा स्मृती जाऊ शकते.

मी नवखा डॉक्टर असताना वडाळ्याच्या मिठागरांकडील वस्तीतला नऊ वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आणला गेला. तेव्हा तो बेशुद्धीच्या उंबरठ्यावर होता. आईने क्रम सांगितला तो असा. प्रथम तो खेळेनासा झाला. मग चिडू लागला, धाकट्या बहिणीला मारू लागला. संध्याकाळी अंग किंचित गरम होई. शाळेत पाढे विसरला म्हणून त्याला वर्गाबाहेर उभे करण्यात आले. एका डॉक्टरांनी शक्तीची औषधे दिली. नातलगांनी अंगारा लावला. सकाळच्या ओकाऱ्या सुरू झाल्या तेव्हा पित्त म्हणून लिंबू-सरबत देण्यात आले. डोळा तिरळा झाला तेव्हा सारे घाबरले. त्याच्या पाठीतून पाणी काढून तपासल्यावर निदान पक्के झाले. पाठीतून पाणी काढले की माणूस लुळा होतो, या समजुतीने वडिलांनी संमतीला एक संपूर्ण दिवस घेतला होता. ही समजूत आजही आहे आणि ती खोटी आहे.

मुलगा वाचला. औषधे वर्षभर चालली. पण नवीन धडा त्याच्या ध्यानात राहीना. आजारापूर्वी पाठ झालेल्या आरत्या तो अखंड म्हणत असे. सकाळी काय खाल्ले ते मात्र दुपारी सांगता येत नसे. नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग, ज्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात, तो दुखावला की असे होते. जुने भांडार शाबूत, पण नवीन माल आत येण्याचे दार बंद.

शिक्षक मित्रहो, आपल्याला निदान करावयाचे नाही. आपण मुलाला रोज पाच-सहा तास पाहता, आम्ही पाच मिनिटे पाहतो. दोन-तीन आठवड्यांत स्वभाव किंवा अभ्यास पालटला, सोबत बारीक ताप, डोकेदुखी वा सकाळच्या ओकाऱ्या असल्या, त्यातून घरात कोणी क्षयाचा रुग्ण असला, तर पालकांना बोलावून सरकारी दवाखान्याची चिठ्ठी द्या. क्षयाची तपासणी व औषधे तेथे विनामूल्य मिळतात. जन्मतः दिली जाणारी बी.सी.जी. लस मोठ्यांच्या फुप्फुसांच्या क्षयाला फारशी आवर घालीत नाही, पण लहान मुलांना या मेंदूच्या क्षयापासून चांगले संरक्षण देते. पंचायत सदस्यांनी गावातील नवजात बालकांची यादी तेवढ्यासाठी तरी पाहावी.

त्या मुलाचे वर्गशिक्षक पुढे रुग्णालयात भेटीला आले. बरोबर त्यांनी मुलाच्या शुद्धलेखनाची वही आणली होती. आम्ही ती उलटून पाहिली. रुग्णालयात दाखल होण्याच्या चार आठवडे आधीच्या पानापर्यंत अक्षर गोल आणि रेघेवर होते. त्यानंतरच्या पानावर ते रेघेखाली घसरू लागले होते, पुढे शब्द अर्धेच सुटले होते, आणि समासात लाल शाईने 'लक्ष नाही' असा शेरा तीन वेळा दिलेला होता.