नोकरी सोडण्याचा कागद
(लातूर येथे शिक्षिकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



परदेशात शिक्षिकेची नोकरी कशी मिळते ते सांगा, म्हणून मला बोलावलंय. ते सांगायला एजंट आहेत, जाहिराती आहेत. नोकरी सोडायची कशी, हे मात्र कोणी सांगत नाही. मी तेवढंच सांगणार आहे. पण सुरुवात शारजापासून नाही, याच जिल्ह्यातल्या एका शाळेपासून करते.

मी नांदेडची. बी.एड. झाल्यावर २०१४ साली इकडच्या एका विनाअनुदानित शाळेत लागले. संस्थेचं नाव घेत नाही. घेतलं नाही तरी निम्म्याजणींना ती आपलीच वाटेल. रुजू होताना क्लार्कने दोन कागद पुढं केले. एक नेमणूकपत्र, दुसरा राजीनामा. राजीनाम्यावर तारीख नव्हती. "सगळेच करतात, बाई," तो म्हणाला. मी सही केली. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन तेव्हा ८,००० रुपये होतं. मी ८,००० वर सही करायची आणि ३,५०० घरी न्यायची. तिसऱ्या वर्षी संस्थाचालकांच्या नात्यातली मुलगी बी.एड. होऊन आली, आणि माझ्या त्या कागदावर तारीख पडली.

घरी येऊन रडले. घरचे म्हणाले, सहीच केलीस तर आता काय! मलाही तसंच वाटलं. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आहे, हे बी.एड.ला कोणी शिकवलं नव्हतं. त्याच्या कलम ७ मध्ये लिहिलंय की राजीनामा दोन प्रतींत करायचा, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. पोस्टाचा शिक्का कशासाठी, याचा विचार करा. ड्रॉवरमध्ये पडलेला कागद पोस्टाने जात नाही. नोकरीवरून काढलं तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, हेही त्याच कायद्यात, कलम ९ मध्ये आहे. उशीर झाला तर सबळ कारण दाखवावं लागतं. माझे तीस दिवस रडण्यात आणि नशिबाला बोल लावण्यात गेले.

पुढे २०२२ च्या एप्रिलमध्ये शारजातल्या एका भारतीय शाळेत दोन वर्षांच्या करारावर गेले. लेक आईकडे, नांदेडला. आखातात मजुरी किंवा घरकामाला जाणाऱ्या, दहावीही न झालेल्या बाईच्या पासपोर्टवर 'इसीआर' शिक्का असतो, म्हणून तिचे कागद सरकारी कार्यालय तपासतं. आपण शिकलेल्या. आपल्याला तो शिक्का नाही, त्यामुळे आपला करार कोणीच बघत नाही. तो आपणच वाचायचा. मी विमानतळावर वाचला, तेही अर्धा.

दुसऱ्या वर्षी आई आजारी पडली. लेक फोनवर बोलेनाशी झाली. मी ठरवलं, करार वाढवायचा नाही. नवरा म्हणाला, "अजून एक वर्ष काढ, प्लॉटचे हप्ते फिटतील." चार दिवस तोच फोन. प्लॉट कोणाच्या नावावर आहे ते तुम्हाला सांगायला नको. शेवटी मी म्हटलं, हप्ते दोघांचे आहेत, पण करारावर सही माझी एकटीची आहे.

तेव्हा कुठं करार नीट वाचला. मुदत ३१ मार्च २०२४, नोटीस साठ दिवसांची. तिथल्या २०२१ च्या कामगार कायद्यात नोटीस तीस ते नव्वद दिवसांची ठेवतात आणि ती लेखी लागते. मुदत संपल्यावरही काम चालू राहिलं तर जुना करार त्याच अटींवर वाढला असं धरतात. म्हणजे गप्प बसणं हीच संमती! नोटीस न देता निघून आलात तर नोटीसीच्या दिवसांचा पगार भरून द्यावा लागतो, आणि कामावरून पळाल्याची नोंद झाली तर पुन्हा तिथं काम मिळणं अवघड. सुट्टीला गावी यायचं आणि परतच जायचं नाही, हा आपल्या बायकांचा आवडता मार्ग आहे. भांडण टळतं ना! त्याची किंमत अशी.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तोंडी सांगितलंस, पुरे." मला आपला क्लार्क आठवला. २२ जानेवारीला दोन प्रती केल्या. करार अमुक तारखेला संपतो, मी तो पुढे वाढवू इच्छित नाही, हे नोटीसीचं पत्र समजावं, एवढंच लिहिलं. कारण लिहिलं नाही. आईचं दुखणं लिहिलं असतं तर रजा घे म्हणाले असते. ऑफिसने पोच द्यायला दोन दिवस लावले. मी दोन दिवस मधल्या सुट्टीत तिथं जाऊन उभी राहिले. पत्राची एक प्रत ईमेलनेही पाठवली.

पासपोर्ट शाळेच्या कपाटात होता. तो लेखी मागितला. भारताचा पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो, मालकाने ठेवून घ्यायची वस्तू नव्हे. तिथला कायदाही त्याला मनाई करतो. हिशेब चौदा दिवसांत व्हायला हवा. ग्रॅच्युइटी दर वर्षामागे एकवीस दिवसांची, पण मूळ पगारावर. माझ्या करारात मूळ पगार निम्माच आणि बाकी भत्ते होते. जाताना हे कळलं असतं तर भांडले असते.

आता इथलं. आपल्या शाळांत कायम शिक्षिकेला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कायम नसेल तर एका महिन्याची. दुसऱ्या नोकरीवर जाताना हे विसरू नका. आणि कोऱ्या तारखेच्या कागदावर सही झालीच असेल तर आजच तारखेसह एक पत्र रजिस्टर पोस्टाने संस्थेला पाठवा, की असा कागद आपल्याकडे आहे आणि तो माझा राजीनामा नव्हे. त्याने नोकरी वाचेलच असं मी म्हणत नाही. एकटीने पाठवायला भीती वाटते, तर पाचजणींनी एकाच दिवशी पाठवा.

जेवणानंतर मी मागच्या खोलीत बसते. नेमणूकपत्र घेऊन या. ज्यांना ते दिलेलंच नाही, त्यांनी आधी या.