आपली ओळख आपणच करून द्यावी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



भाषण करण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. मंडळाच्या कार्यक्रमात माझी नेहमीची जागा म्हणजे सतरंज्या घालणे आणि चहाच्या पातेल्यावर लक्ष ठेवणे. पण येत्या महिन्यापासून आपल्या मंडळात लिहिणाऱ्या बायकांची बैठक सुरू व्हावयाची आहे. वाचनालयात भरणाऱ्या तशाच एका बैठकीला मी दीड वर्ष जात आहे. म्हणून चिटणीसबाईंनी मला हुकूम केला, "तिथे नव्या माणसाने आपली ओळख कशी करून द्यावी, ते तुम्हीच सांगा." तेव्हा आजचा चहा दुसरीवर सोपवून मी इथे उभी आहे. चहात साखर कमी पडली तर दोष माझा नाही!

विषय ऐकून काहीजणी हसल्या. ओळख करून देण्यात ते काय अवघड? हळदीकुंकवाला आपण उखाण्यात झोकात नाव घेतोच की! पण भगिनींनो, उखाण्यात आपण नाव घेतो ते यजमानांचे. शाळेत गेले की आपण अमक्याची आई, सासरी तमक्यांची सून आणि माहेरी थोरली किंवा धाकटी. ह्यात मला मुळीच कमीपणा वाटत नाही. ही नाती मोलाचीच आहेत. पण लिहिणाऱ्यांच्या बैठकीत एवढ्याने भागत नाही, हे मला फजिती झाल्यावर कळले. तीच आधी सांगते.

पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा वाचनालयाच्या मागच्या खोलीत बारा-तेरा माणसे बसली होती. एक निवृत्त शिक्षिका होत्या, एक दवाखान्यातल्या परिचारिका, एक एस. टी.चे कंडक्टर, दोन-तीन कॉलेजातली मुले. प्रत्येकजण आपले नाव सांगे, आपण काय लिहितो ते सांगे. माझी पाळी आली आणि मी एका दमात म्हणून मोकळी झाले, "मी अमक्यांची मंडळी. शिक्षण सातवी. मला काही येत नाही. चुकले तर सांभाळून घ्या."

शिक्षिकाबाई हसून म्हणाल्या, "तुमच्या यजमानांची ओळख झाली, तुमच्या शाळेचीही झाली. तुमची राहिली. पिशवीतून वही डोकावते आहे, तिच्यात काय आहे?"

वहीत माझ्या आईच्या जात्याविषयी दोन पाने लिहिलेली होती. पिठाची गिरणी आली तसे जाते घरातून पडवीत गेले, पडवीतून अंगणात गेले, आणि आता त्याची वरची तळी न्हाणीपाशी कपडे आपटायला ठेवली आहे, एवढीच ती हकिकत. शेवटी चार ओव्या होत्या. मी खाली मान घालून वाचले. वाचून झाल्यावर कुणी बोलेना. मला वाटले, हसे झाले. मग कंडक्टर म्हणाले, "फार चांगले आहे. ओव्या कुणाच्या हो?"

आणि भगिनींनो, मी म्हणाले, "माझ्या आईच्या."

त्या ओव्या माझ्या होत्या. आदल्या महिन्यात भाकरी थापताना सुचलेल्या. पण "माझ्या" हा शब्द जिभेवर येईना. सातवी शिकलेल्या बाईने असे काही केले म्हटले तर कोण विश्वास ठेवील, ही एक भीती. आणि बाई स्वतःची टिमकी वाजवते असे म्हणतील, ही दुसरी. सर्वांनी आईची स्तुती केली. मी घरी आले ती चोरी केल्यासारखी. चोर दुसऱ्याचे उचलतो, मी आपलेच दुसऱ्याच्या घरात टाकून आले होते.

पुढच्या बैठकीत निघाले की, वाचनालयाच्या वार्षिक अंकात त्या ओव्या आईच्या नावाने छापावयाच्या. तेव्हा मात्र माझा धीर सुटला. गावी जाऊन मी आईला सगळे सांगितले. आई शेंगा फोडीत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "माझ्या नावावर कशापायी खपवलंस? मी म्हणते त्या वव्या माझ्या आईच्या, तिच्या आईच्या. ह्या तू केल्यास, त्या तुझ्या. आपल्या लेकराला दुसऱ्याचं नाव लावतं का कुणी?"

त्यानंतरच्या बैठकीत मी उभी राहिले आणि खरे ते सांगितले. एका गृहस्थांना राग आला. "मग आमच्याशी खोटे का बोललात?" असे त्यांनी विचारले. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. आपण लाजेने केले तरी ऐकणाऱ्याला ते खोटेच वाटते. मी माफी मागितली. शेवटी माझ्या चार ओव्या माझ्या नावाने छापल्या, आणि आईकडून उतरवून घेतलेल्या तीन ओव्या "आईकडून ऐकलेल्या" असे लिहून तिच्या नावाने छापल्या. अंक पाहून आईने दोन्ही नावांवरून बोट फिरवले. तिला अक्षरओळख नाही, पण कुठले नाव कुणाचे ते तिने मला दोनदा विचारून घेतले.

तेव्हापासून मी वाचू लागले की, आपल्या आधीच्या बायकांनी आपली ओळख कशी करून दिली. आपल्या संत बायका ह्या बाबतीत आपल्यापेक्षा धीट होत्या. मुक्ताबाई, जनाबाई अभंगाच्या शेवटी आपले नाव घालीत. जनाबाई स्वतःला नामदेवांची दासी म्हणवते, पण अभंग आपल्याच नावाने सांगते. तुकोबांना गुरू मानणाऱ्या बहिणाबाईंनी (१६२८ ते १७००) तर आपला संसार, पतीचा राग आणि मनाची ओढ, सारे आत्मचरित्रच अभंगांत सांगितले.

पण सगळ्यांना असे जमले नाही. खानदेशातल्या दुसऱ्या बहिणाबाई, बहिणाबाई चौधरी, १८८० साली असोद्याला जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता त्या गाणी रचीत, आणि मुलगा सोपानदेव व नात्यातली मंडळी ती कागदावर उतरवून घेत. १९५१ साली त्या वारल्या, आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे; ते २०१८ साली दिले. पण महाराष्ट्राला त्यांची ओळख झाली तेव्हा त्या स्वतः जगात नव्हत्या. हे वाचले त्या दिवशी माझ्या हातून भाजी करपली.

कुणी नाव लपवून लिहिले. १९३३ साली "कळ्यांचे निःश्वास" हे पुस्तक विभावरी शिरूरकर या नावाने निघाले. त्यात बायकांच्या मनातले इतके खरे होते की मोठे वादळ उठले. त्या विभावरी म्हणजे मालतीबाई बेडेकर. त्या काळी त्यांना टोपण नाव घ्यावे लागले, ह्यात त्यांचा भित्रेपणा नव्हता. आणि त्याच सुमारास, १९३४ साली, लक्ष्मीबाई टिळकांच्या "स्मृतिचित्रे"चा पहिला भाग निघाला. त्यांना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. पण आपल्या चुका, फजित्या, भांडणे, सारे त्यांनी हसत हसत आपल्या नावानिशी सांगितले.

साहित्य संमेलनाचेच पाहा. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्याला ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. बाई अध्यक्ष झाली ती १९६१ साली, ग्वाल्हेरच्या संमेलनात, कुसुमावती देशपांडे. मध्ये ८३ वर्षे गेली. २०२५ साली दिल्लीच्या संमेलनाच्या अध्यक्षा होत्या ताराबाई भवाळकर, ज्यांनी बायकांच्या लोकगीतांचा आणि ओव्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. हेमा रायरकर आणि गी प्वातव्हाँ यांनीही खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि गाणाऱ्या बायकांची नावे-गावे टिपून ठेवली. माझ्या आईच्या ओवीशेजारी तिचे नाव का हवे, ते मला ह्यावरून कळले.

आता बैठकीत येणाऱ्या मैत्रिणींसाठी चार गोष्टी सांगते. पहिली, आपले नाव आधी सांगावे, मागून हवे तर यजमानांचे. दुसरी, आपण काय लिहितो ते सांगावे, मग ते पत्र असो, हिशेबाच्या वहीतल्या चार ओळी असोत किंवा नातवाला सांगितलेली गोष्ट असो. दुसऱ्याकडून ऐकलेले असेल तर त्या माणसाचे नाव सांगावे, आणि आपले असेल तर "आपले" म्हणावे. तिसरी, "मला काही येत नाही" हे वाक्य घरी ठेवून यावे. ते विनयाचे दिसते खरे, पण ऐकणाऱ्याला आपली समजूत घालीत बसावे लागते. त्यापेक्षा "मला शेवट जमत नाही" असे नेमके सांगावे, म्हणजे कुणी मदत तरी करील. आणि चौथी, आपले वाचून झाले की घड्याळाकडे पाहू नये. पुढची वाचते ते मन लावून ऐकावे. त्या बैठकीत माझी खरी ओळख माझ्या वाचण्याने थोडी आणि दुसऱ्यांचे ऐकण्याने जास्त झाली.

राग आलेल्या त्या गृहस्थांचे राहिलेच. परवा त्यांनी आपली कविता मला वाचावयास दिली आणि म्हणाले, "खरे काय ते सांगा. तुम्ही आता खोटे बोलणार नाही."

भगिनींनो, येत्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दुपारी चार वाजता, घरातले आवरून, वही घेऊन या. वही नसेल तर नुसत्या या. त्या दिवशी पहिली ओळख मी करून देणार आहे, आणि त्यात उखाणा नसेल.