पैसे कुणी कुणाला दिले?

हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे असू द्या. आज आपण इंग्रजीच्या व्याकरणाबद्दल बोलणार आहोत. व्याकरण म्हटलं म्हणून लगेच रेडिओ बंद करू नका. नियमांचं पुस्तक आम्ही उघडणार नाही.

आम्ही हिंगोली जिल्ह्यात बचत गटांचं काम बघतो. औंढा असो, सेनगाव असो की वसमत, मासिक बैठक संपत आली, बचत मोजून झाली, की कुणीतरी मोबाइल पुढे करतं. "ताई, हे काय आलं बघा बरं." बहुतेक वेळा बँकेचा मेसेज असतो आणि तो इंग्रजीत असतो. घरी तो वाचायला पुतण्याकडे, नाहीतर शेजारच्या पोराकडे जावं लागतं. ज्याच्या हातात मेसेज वाचायला फोन जातो, त्याच्या कानावर हळूहळू पिनही जातो. म्हणून काही गटांत आम्ही बैठकीनंतरचा अर्धा तास इंग्रजीसाठी ठेवला.

पहिल्यांदा एक गोष्ट मनातून काढून टाका, की इंग्रजी येत नाही म्हणजे डोकं कमी आहे. आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली. त्याआधी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत यायचं. आता हिशोब करा. चौथीनंतर जिला शाळा सोडून भावंडं सांभाळावी लागली, नाहीतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जावं लागलं, तिने इंग्रजीचं पुस्तक हातातच धरलं नाही. जे शिकवलंच नाही, ते न येण्याची लाज कशाची?

आणि मोठ्या बाईला लेकरासारखं शिकवायचं नसतं. लेकराला भाषाही शिकायची असते आणि जगही. आपल्याला जग ठाऊक आहे. कर्ज, व्याज, हप्ता, थकबाकी हे सगळं आपण मराठीत रोज बोलतो. व्याकरणही आपल्याला येतंच. 'बँकेत', 'बँकेतून', 'बँकेला' यांतला फरक कुणी शिकवला होता का? तरी आपली त्यात चूक होत नाही. जुन्या पिढ्यांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन मराठीच्या आधाराने इंग्रजी शिकलं, त्यामागे हेच होतं. आपल्या भाषेचा हात धरूनच दुसऱ्या भाषेत जाता येतं.

आता मुद्द्यावर येतो. मराठीत आपण म्हणतो, "सुनीताने रेखाला पाचशे रुपये दिले." हेच उलटं करून म्हणा, "रेखाला सुनीताने पाचशे रुपये दिले." किंवा "पाचशे रुपये दिले सुनीताने रेखाला." काही बिघडलं का? नाही. कारण 'ने' आणि 'ला' ही शेपटं नावाला चिकटलेली आहेत. नाव कुठेही बसवा, शेपूट सांगतं की देणारी कोण आणि घेणारी कोण.

इंग्रजीत असं शेपूट नाही. तिथे जागा बोलते. देणारी पहिली, मग काम, मग घेणारी. "सुनीता पेड रेखा." म्हणजे सुनीताने दिले. दोघींच्या जागा बदला, "रेखा पेड सुनीता." म्हणजे रेखाने दिले! अक्षर एकही बदललं नाही, पण देणं घेणं उलटं झालं. गटाच्या कर्जवहीत असं झालं तर काय होईल ते तुम्हीच सांगा.

हे आम्ही फळ्यावर शिकवत नाही. तिघींच्या हातात तीन चिठ्ठ्या देऊन त्यांना रांगेत उभं करतो. मराठीच्या चिठ्ठ्या असतील तेव्हा त्या कशाही उभ्या राहू देत. इंग्रजीच्या चिठ्ठ्या दिल्या की दोघींनी जागा बदलायची आणि बाकीच्यांनी सांगायचं, आता पैसे कुणाचे गेले. एका बैठकीत एक काकू म्हणाल्या, "म्हणजे पंगतीसारखं आहे म्हणा की, कोण कुठं बसलं त्यावर मान." आम्हाला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

मग आपलं 'ला' आणि 'तून' इंग्रजीत कुठे गेलं? ते सुटं होऊन नावाच्या पुढे जाऊन बसलं. 'बँकेतून' म्हणजे 'फ्रॉम बँक'. 'रेखाला' म्हणजे 'टू रेखा'. मराठीत नावामागे, इंग्रजीत नावाआधी. औषधाच्या बाटलीवर 'बिफोर फूड' लिहिलेलं असतं. आपण म्हणतो 'जेवणाआधी'. आपला 'आधी' मागे, त्यांचा 'बिफोर' पुढे. फोनवरून पैसे पाठवल्यावर 'पेड टू' दिसतं, आल्यावर 'रिसीव्ह्ड फ्रॉम' दिसतं. हे दोन बारके शब्द ओळखता आले की पैसे गेले की आले ते कळतं.

इथेच एक सांगून ठेवतो. फोनवर कुणी म्हणालं, "पैसे रिसीव्ह करण्यासाठी पिन टाका," तर समजा लबाडी आहे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो पैसे द्यायला, नाहीतर शिल्लक बघायला. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता 1930 नंबरला फोन करा आणि बँकेलाही कळवा.

पासबुकातली 'सीआर' आणि 'डीआर' ही अक्षरं पण पाहून ठेवा. 'सीआर' म्हणजे क्रेडिट, जमा. 'डीआर' म्हणजे डेबिट, नावे, म्हणजे खात्यातून गेलेले. 'डीआर' बघून एकीने विचारलं होतं, "पासबुकात डॉक्टर कामून आला?" हसू नका, दवाखान्याच्या पाटीवर तीच अक्षरं असतात.

आता काळ. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून ऐका. मेसेजमध्ये 'हॅज बीन डेबिटेड' असेल तर पैसे वजा झाले. 'विल बी डेबिटेड' असेल तर वजा होणार आहेत, अजून झालेले नाहीत. 'डेबिटेड' दोन्हीकडे आहे, म्हणून तेवढाच शब्द ओळखून भागत नाही. त्याच्या आधी 'विल' आहे का ते बघा. 'विल' दिसलं की होणार.

याचा उपयोग मे महिन्यात होतो. आपल्यातल्या पुष्कळ जणींनी खात्यावरून प्रधानमंत्री जीवन ज्योती आणि सुरक्षा असे दोन विमे काढलेत. जीवन ज्योतीचे वर्षाला 436 रुपये, सुरक्षा विम्याचे 20 रुपये. विम्याचं वर्ष 1 जून ते 31 मे असतं. पैसे खात्यातून आपोआप कापले जातात, पण खात्यात असतील तरच ना! त्या दिवसांत 'विल बी डेबिटेड' असा मेसेज आला आणि तो 'गेले बाई पैसे' म्हणून पुसून टाकला, तर खात्यात भर घालायचं राहतं. शिल्लक नसेल तर हप्ता कापला जात नाही आणि विमा बंद पडतो. दोन लाखांचं संरक्षण एका 'विल'पायी जायला नको.

दुसरा बारका शब्द 'नॉट'. आपण म्हणतो "ओटीपी कुणाला सांगू नका." आपलं 'नका' सगळ्यात शेवटी. इंग्रजीत ते कामाच्या आधी येतं, 'डू नॉट शेअर ओटीपी'. ओळखीचे 'शेअर' आणि 'ओटीपी' एवढेच शब्द वाचले तर अर्थ बरोब्बर उलटा होतो. म्हणून इंग्रजी वाक्यात आधी 'नॉट' शोधायची सवय लावा, तांदूळ निवडताना खडा बघतो तसं.

सोपं काय आहे तेही सांगतो. खुर्ची ती, ट्रॅक्टर तो, भांडं ते, ही कटकट इंग्रजीत नाही. सगळ्या वस्तूंना 'इट'. 'रेखा गेली' आणि 'सुरेश गेला', दोन्हीकडे 'वेंट'च. आणि 'तू' नाही, 'तुम्ही' नाही, सासूबाईंनाही 'यू' आणि नातवालाही 'यू'. हे ऐकून बायका फार खूश होतात.

'ए', 'ॲन', 'द' यांच्या मागे मात्र सध्या लागू नका. शाळेत त्यावरून मार्क कापतात, पण मेसेज समजायला त्यांचं अडत नाही. स्पेलिंग पाठ करण्यातही पहिले महिने घालवू नयेत, असं आमचं मत आहे. आधी डोळ्याला शब्द ओळखता यावा, लिहिणं मागून येईल. ज्या बहिणींना मराठी अक्षरंच अजून लागत नाहीत, त्यांनी आधी तिकडे लक्ष द्यावं. गावातल्या शाळेत 'उल्लास' साक्षरता कार्यक्रमाची चौकशी करा. पंधरा वर्षांच्या पुढच्या कुणालाही त्यात शिकता येतं.

पुढच्या बैठकीला येताना बचतीच्या पैशांबरोबर फोनमधला बँकेचा एक जुना मेसेज तसाच ठेवून आणा, पुसू नका. खाते क्रमांक आणि ओटीपी मोठ्याने वाचायचा नाही. बाकी वाक्यात 'टू', 'फ्रॉम', 'विल', 'नॉट' यांतलं काय सापडतं ते आधी स्वतः शोधा, मग शेजारणीला दाखवा. घरातलं लेकरू मधे मधे सांगायला लागलं, तर त्याला म्हणा, "थांब, आधी मला बघू दे."