हुळहुळणे : एक शब्द आणि मेरुरज्जूतील विकर
(इतवारा, बुऱ्हाणपूर येथील व्याख्यान)



साहित्याच्या प्राध्यापकाने मेरुरज्जूतील विकरांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण माझा विषय मुळात एका शब्दाचा आहे : हुळहुळणे. गळू पिकत आलेले असते, सांधा सुजलेला असतो आणि अंगावरचे कापड लागले तरी सोसवत नाही. ठणका वेगळा, कळ वेगळी, चुरचुर वेगळी. एरवी न दुखणारा स्पर्शही दुखू लागतो, ते हुळहुळणे. वैद्यकाने या अवस्थेला ‘ॲलोडायनिया’ असे स्वतंत्र नाव दिले आहे.

सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था आहेत. पच्यमान अवस्थेतील वेदना सुया टोचल्यासारखी, मुंग्या चावल्यासारखी, अशा उपमांनीच सांगितली आहे. १९७५ साली रोनाल्ड मेलझॅक यांनी मॅकगिल वेदना-प्रश्नावली तयार केली. तीही ७८ वर्णनशब्दांची, २० गटांत मांडलेली. दुसऱ्याची वेदना थेट मोजणारे यंत्र नसल्यामुळे वैद्यकाला शब्दांच्या दारी यावेच लागते.

आता शरीरात काय घडते ते पाहू. सुजेच्या जागी सायक्लोऑक्सिजनेज हे विकर प्रोस्टाग्लँडिन तयार करते आणि तेथील मज्जातंतूंची टोके हळवी होतात. ॲस्पिरिन ही निर्मिती रोखते, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. पण गोष्ट सुजेच्या जागी संपत नाही. इजेनंतर खुद्द मेरुरज्जूच अधिक संवेदनशील होतो, हे क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये मांडले. पुढे २००१ मध्ये त्यांच्या गटाने उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, पंजाला सूज आली असता याच विकराचा दुसरा प्रकार, कॉक्स-२, मेरुरज्जूतही वाढतो. त्यातून तेथे प्रोस्टाग्लँडिन तयार होते. वेदनेच्या संदेशांना एरवी आवर घालणारी ग्लायसिनची यंत्रणा त्याने ढिली पडते. पहारा सैल झाला की साधा स्पर्शही वेदना होऊन आत शिरतो. म्हणजे सूज पंजाला असली तरी हुळहुळेपणाचा काही भाग पाठीच्या कण्यात घडत असतो.

याचा आपल्या गावाशी संबंध काय? इथे अनेकांच्या घरात मराठी आहे. शाळेत, बाजारात आणि दवाखान्यात हिंदी. घरी ‘हुळहुळतंय’ म्हणणारी बाई डॉक्टरांसमोर ‘दर्द है’ एवढेच म्हणते. मग शून्य ते दहापैकी एक आकडा विचारला जातो. आकड्याने तीव्रता कळते, जात कळत नाही. सतत ठणकते आहे की नुसता स्पर्श सोसवत नाही, हा फरक उपचार करणाऱ्याला उपयोगी असतो. तो रुग्णाच्या तोंडच्या शब्दातच असतो आणि भाषा बदलताना नेमका गळतो. हिंदीत शब्द नाहीत असे नव्हे. पण उपऱ्या भाषेत माणूस ढोबळच बोलतो.

आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. माणूस आपली वेदना सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा आदर राखावा, असे तिच्या टिपणांत म्हटले आहे. आदर राखायचा तर आधी शब्द समजला पाहिजे. म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे : आपापल्या घरातील थोरामोठ्यांकडून दुखण्याचे शब्द गोळा करा. प्रत्येकापुढे ते कुठे, केव्हा, कशाने दुखते हे लिहा, शेजारी हिंदी प्रतिशब्द द्या आणि ती वही गावातल्या डॉक्टरांच्या हाती ठेवा. कोशाचे हे काम लहान आहे. पण त्याचा पहिला वाचक आजारी माणसासमोर बसलेला असेल.