अम्मीला स्वतः बोलू द्या
(तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्याआधी दोन डॉक्टर बोलले. मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि पेशंटचा नातेवाईक म्हणून दवाखान्याच्या बाकड्यावर पुष्कळ तास बसलेलो आहे. आपल्या घरात जो जास्त शिकतो त्याच्याकडे हे काम आपोआप येतं. मामूंचा रिपोर्ट आला की त्याचा फोटो कोणाला जातो? इंजिनियर पोराला. क्रिएटिनिन म्हणजे काय हे त्याला ठाऊक असो वा नसो. इथे बसलेल्या बहुतेकांकडे घरची ही बिनपगारी नोकरी असणार. म्हणून डॉक्टरांनी कसं वागावं यावर मी कमी बोलणार आहे. डॉक्टर आणि पेशंट यांच्यामध्ये जी तिसरी खुर्ची असते तिच्यावर बसणाऱ्या माणसाबद्दल, म्हणजे आपल्याबद्दल, बोलायचं आहे.

आमच्या शेजारच्या एक खाला आहेत, वय साठीच्या आसपास. मागे त्यांना दाखवायला नेलं. गाडी माझी होती म्हणून मी सोबत. केबिनमध्ये खाला, त्यांचा मुलगा आणि मी. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास होतोय? खाला म्हणाल्या, "जी घबराता. चलते चलते रुकना पडता, फिर ठीक होता..." पुढे काही तरी सांगणार होत्या, तेवढ्यात मुलाने मराठीत सांगून टाकलं, "टेन्शन घेते सर. बहिणीचं लग्न आहे ना." डॉक्टरही लिहायला लागले होते. मग त्यांनी पेन खाली ठेवलं, मुलाला हाताने थांबवलं आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही सांगा. किती चाललं की थांबावं लागतं?" खाला म्हणाल्या, घरापासून मशिदीच्या वळणापर्यंत. पूर्वी बाजारापर्यंत जात होत्या. थांबल्यावर पाच मिनिटांत बरं वाटतं. डाव्या जबड्यातही दुखतं, पण त्यांना वाटलं होतं की दाढ असेल. डॉक्टरांनी तिथेच ईसीजी काढला, पुढे अँजिओग्राफी झाली, आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा निघाला.

मुलगा खोटं बोलला नव्हता. त्याचं अम्मीवर प्रेम आहे, सुट्टी घेऊन आला होता. पण त्याने अम्मीचं म्हणणं न सांगता स्वतःचा निष्कर्ष सांगितला. दखनीतलं 'जी घबराना' म्हणजे भीती वाटणं असेल, मळमळ असेल, छातीत कसंतरी होणं असेल. मराठीतही 'जीव घाबरा होतो' म्हणतातच, आणि इथला डॉक्टर ते ऐकून नीट प्रश्न विचारू शकतो. 'टेन्शन' हा शब्द ऐकला की विचारायला काही उरत नाही. बायकांमध्ये हृदयविकार नेहमीच छातीच्या कळेने येत नाही. धाप, मळमळ, थकवा, जबड्यातलं दुखणं अशा रूपानेही येतो. 'टेन्शन' म्हणून घरी परतलेल्या किती बायकांना असंच काही झालं असेल, याचा विचार करा.

आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. ग्राहक सांगतो, "तुमचा सर्व्हर बिघडलाय." आम्ही म्हणतो, सर्व्हरचं राहू द्या, तुम्ही कोणतं बटण दाबलं, मग पडद्यावर काय आलं, ते सांगा. ज्याच्यासमोर बिघाड झाला त्याच्याशीच आम्हाला बोलायचं असतं. मॅनेजरने मधे पडून सांगितलेली गोष्ट बहुधा निम्मीच असते.

वेळ थोडा असतो हेही खरं. ६७ देशांमधल्या नोंदींचा एक अभ्यास २०१७ साली 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात आला. त्यात भारतात प्राथमिक तपासणीला डॉक्टर पेशंटला सरासरी सुमारे दोन मिनिटं देतात असं दिसलं. स्वीडनमध्ये बावीस मिनिटांहून जास्त. अमेरिकेतला १९८४ चा एक गाजलेला अभ्यास आहे: पेशंट बोलायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. आपल्या ओपीडीत तर डॉक्टरांच्या आधी आपणच तोडतो. दोन मिनिटांतली दीड मिनिटं भाऊ बोलतो, उरलेल्या अर्ध्या मिनिटात चिठ्ठी.

आपण काय काय गाळतो, बघा. अम्मी मिशरी लावते. डॉक्टर विचारतात, "तंबाखू?" आपण लाजेने म्हणतो, नाही. हकीमसाहेबांची पुडी चालू आहे. ती सांगितली तर डॉक्टर रागावतील म्हणून सांगत नाही. डॉक्टर रागावतीलही, रागावू द्या. एखाद्या पुडीत काय आहे ते कळलं नाही, तर किडनी का बिघडली हे शोधण्यात महिने जातात. गोळ्या महाग पडल्या म्हणून एक दिवसाआड घेतल्या, हेही आपण लपवतो. डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडत नाही, म्हणून डोस वाढतो. "सर, ही परवडत नाही, जेनेरिक मिळेल का?" हे वाक्य बोलायला आपल्याला जेवढी लाज वाटते, तेवढं डॉक्टरांना त्यात वावगं वाटत नाही. मी अनेकदा पाहिलंय.

आता रमजान. इथे आपली चुप्पी सर्वांत महागात पडते. मधुमेहाच्या अनेक पेशंटना वाटतं, डॉक्टरांना विचारलं तर ते "रोजे नको" एवढंच म्हणणार, आणि डॉक्टर आपला नसेल तर त्याला रोज्याचं महत्त्व काय कळणार. मग ते विचारतच नाहीत. दुपारची गोळी सोडतात, सकाळची सहरीला घेतात. ग्लिमेपिराइडसारखी साखर खाली आणणारी गोळी सहरीला पूर्ण डोसमध्ये घेतली आणि पुढे तेरा-चौदा तास पोटात काही नाही, तर असरच्या सुमारास हातपाय थरथरणं, घाम, डोळ्यांपुढे अंधारी हे होऊ शकतं. घरचे म्हणतात, रोजा लागला. रोजा लागलेला नसतो, साखर उतरलेली असते. भारतासह १३ देशांमधल्या १२,२४३ मुस्लिम मधुमेहींचा अभ्यास झालेला आहे. त्यात टाइप २ च्या पेशंटमध्ये साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रकार रमजानमध्ये साडेसात पट झाले होते. आणि टाइप २ चे जवळपास ऐंशी टक्के पेशंट किमान पंधरा रोजे ठेवत होते. म्हणजे लोक रोजे ठेवणारच. ते विचारून ठेवतात की न विचारता, एवढाच फरक आहे.

म्हणून रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी अम्मीला घेऊन जा, आणि तिला तिच्या तोंडाने सांगू द्या, "मुझे रोजे रखना है, कैसे रखूँ?" या प्रश्नाला उत्तरं आहेत. औषध बदलता येतं, डोस इफ्तारकडे सरकवता येतो. बोटातून रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं अनेक उलेमांनी सांगितलेलं आहे. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असं मधुमेहतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते. काही पेशंटना डॉक्टर स्पष्ट नाहीच म्हणतील. आजाऱ्याला सवलत सूरह बकरामध्येच आहे, ती डॉक्टरांनी दिलेली नाही. अम्मीला हे पटत नसेल तर डॉक्टरांशी भांडू नका. ज्यांचं ती ऐकते त्या मौलानांना डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावा. हे होऊ शकतं, फक्त कोणी तरी फोन लावावा लागतो.

उलट बाजूनेही आपण गाळतो. डॉक्टर काही गंभीर सांगतात आणि आपण ठरवतो, अम्मीला सांगायचं नाही. ऑपरेशनच्या कागदावर सही मुलाची किंवा नवऱ्याची. सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा एक निकाल आहे. एक महिला तपासणीसाठी दाखल झाली होती. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय काढलं गेलं. न्यायालयाने म्हटलं की पेशंट सज्ञान आहे, जीवावरचा तातडीचा प्रसंग नाही, तेव्हा आईची संमती ही तिची संमती नव्हे. आपल्या घरांमधल्या किती बायकांना आपल्या शरीरातून काय काढलं हे नीट ठाऊक नाही, विचारून बघा. मी विचारलंय. "कुछ तो गाँठ थी" यापलीकडे उत्तर मिळत नाही.

आता तुमच्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, सगळं पेशंटच्या माथी मारताय, आणि नाव ऐकल्यावर बदलणाऱ्या आवाजाचं काय? बरोबर आहे. एप्रिल २०२० आपण कोणीच विसरलेलो नाही. तबलिगी जमातच्या बातम्या टीव्हीवर चालू होत्या आणि दवाखान्यात जायला माणसं घाबरत होती. तबलिगींना बळीचा बकरा केलं गेलं असं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्टमध्ये म्हटलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. भेदभाव होतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत १७ हक्क आहेत. धर्मावरून भेदभाव न होणं हा त्यातला एक. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सोबत एक स्त्री असणं, हाही पेशंट बाईचा हक्क आहे, त्यासाठी आवाज चढवायची गरज नाही. महाराष्ट्रात जानेवारी २०२१ च्या नियमदुरुस्तीनंतर खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. लावलेलं नसेल तर विचारा, आणि लेखी विचारा.

हात मात्र उचलू नका. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला मारहाण झाली, आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. सरकारी दवाखान्याशिवाय ज्यांना दुसरा आसरा नाही, अशा माणसांची त्यात परवड झाली. ती कोणत्या मोहल्ल्यातली होती, सांगायला नको. २०१० च्या राज्य कायद्याने असा हल्ला अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मला दिसतं ते असं, की गर्दी बहुधा तेव्हा जमते जेव्हा आत काय चाललंय हे बाहेरच्या एकाही माणसाला कोणी सांगितलेलं नसतं. तर घरातला एक माणूस ठरवा, तोच सिस्टर आणि डॉक्टरांशी बोलेल आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगेल. वीस जणांनी वीस वेळा विचारायचं नाही.

डॉक्टरांना आता संवाद शिकवतात. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात त्याचा वेगळा भाग आहे. आपल्याला कोणी शिकवत नाही, म्हणून दुपारी आपण सराव करणार आहोत. तिघांचा गट: एक डॉक्टर, एक पेशंट, एक घरचा माणूस. पेशंटने तीन तक्रारी सांगायच्या, निम्म्या दखनीत चालतील. घरच्या माणसाने पहिली दोन मिनिटं तोंड उघडायचं नाही. डॉक्टर काही समजला नाही तरच शब्दाला शब्द सांगायचा, आपलं मत घालायचं नाही. निघताना डॉक्टरांनी काय सांगितलं ते पेशंटने स्वतः म्हणून दाखवायचं: कोणती गोळी, कधी, किती दिवस, आणि काय झालं तर लगेच परत यायचं.

उद्या कोणाला दाखवायला घेऊन जाणार असाल तर घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, बाटल्या एका पिशवीत भरा. जुने केसपेपर तारखेप्रमाणे लावा. दोन्ही डॉक्टर जेवणानंतर इथेच आहेत. मधुमेह असलेल्या किती जणांच्या घरात यंदा रोज्यांबद्दल डॉक्टरांना अजून विचारलेलं नाही? हात वर करा. बरेच आहेत. त्यांनी आधी यांना गाठा, बिर्याणीसाठी रांग नंतर लावा.