सहिष्णुता हा शेजारधर्म
(ज्युबिली महोत्सवानिमित्त शेलार येथें झालेलें भाषण)



ज्युबिली हा उपकारस्तुतीचा दिवस खरा. परंतु प्राचीन इस्राएल लोकांत ज्युबिलीच्या वर्षीं दासांस मोकळें करावें व गेलेली जमीन मूळ धन्यास परत द्यावी, अशी आज्ञा होती. अर्थात् हा उत्सव तसाच हिशेबाचाही दिवस आहे. आज आम्ही एकच खातें उघडणार आहों : परधर्मीय शेजाऱ्याशीं आमची वागणूक कशी आहे?

शेलार हें गांव भिवंडीस लागून आहे. या टापूंतील यंत्रमागांवर जें कापड निघतें, तें एका धर्माच्या हातून पुरें होत नाहीं. सूत आणणारा एक, माग चालविणारा दुसरा, माल वाहणारा तिसरा. तरीही याच भिवंडीनें १९७० सालीं व पुन्हा १९८४ सालीं, दोन्ही वेळां मे महिन्यांत, भयंकर दंगली पाहिल्या. ज्यांचा धंदा एकमेकांवांचून चालत नव्हता, तेच एकमेकांचे वैरी झाले. यावरून एवढें उघड होतें कीं, नुसत्या व्यवहारानें सहिष्णुता उपजत नाहीं.

मग ती कशानें उपजते? १९८८ सालीं पोलीस उपायुक्त श्री. सुरेश खोपडे यांनीं भिवंडींत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतील साधीं माणसें पोलिसांसह एकत्र बसूं लागलीं. बारीकसारीक तंटे वाढण्यापूर्वींच मिटूं लागले. पुढें डिसेंबर १९९२ मध्यें बाबरी मशीद पाडली गेली, आणि त्या महिन्यांत व जानेवारी १९९३ मध्यें मुंबई पेटली. भिवंडी मात्र शांत राहिली. विहीर तहान लागण्यापूर्वीं खणावी लागते, ती या लोकांनीं खणून ठेविली होती.

आतां कोणी विचारील, सर्व धर्म सारखेच असें म्हणावें काय? नाहीं. प्रभु येशू आमचा तारणारा, ही आमची श्रद्धा आहे, आणि ती लपवून गोड बोलणें हा निव्वळ भिडस्तपणा होय. परंतु ज्या सदसद्विवेकानें आम्ही गुडघे टेकतों, तोच देवानें शेजाऱ्यासही दिला आहे. धर्माच्या बाबतींत कोणावरही बळजबरी होऊं नये, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ७ डिसेंबर १९६५ रोजीं जाहीर केलें.

हें शिकावयास आम्हां ख्रिस्ती लोकांस उशीर लागला, हेंही कबूल केलें पाहिजे. ज्या गोव्यांत फादर स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं 'क्रिस्तपुराण' मराठी ओवींत प्रसिद्ध केलें, त्याच गोव्यांत १५६० पासून इन्क्विझिशन चालू होतें, आणि तें कायमचें बंद झालें १८१२ सालीं. एका हातानें लोकांची भाषा उचलून धरली, दुसऱ्या हातानें त्यांच्या मनावर पहारा बसविला. पोप जॉन पॉल दुसरे यांनीं १२ मार्च २००० रोजीं सत्याच्या नांवानें झालेल्या हिंसेबद्दल देवाची क्षमा मागितली. परमगुरूंस जें लाजेचें वाटलें नाहीं, तें आम्हांस कां वाटावें?

म्हणून एक कबुली आमचीही. कांहीं वर्षांपूर्वीं एक धर्मबंधु आम्हांकडे आले व म्हणाले, "फादर, खोली रिकामी आहे. विचारणारें कुटुंब भलें आहे, पण दुसऱ्या धर्माचें. देऊं कीं नको?" आम्हीं म्हटलें, "तुमचें तुम्ही पाहा." त्यांनीं खोली दिली नाहीं. मुलेंबाळें घेऊन तें कुटुंब दुसरीकडे गेलें. त्या दिवशीं आम्ही कोणास वाईट बोललों नाहीं, आणि तरीही दोषी ठरलों. कारण धर्मगुरूच्या मौनानेंही दार बंद होतें.

प्रभूच्या दाखल्यांतील शोमरोनी मनुष्य यहुद्यांच्या दृष्टीनें परधर्मीयच होता. त्यानें जखमी मनुष्यास त्याचा धर्म विचारला नाहीं. उतारशाळेंत नेऊन खोलीचे पैसे पदरचे भरले.

बंधूंनो, तो प्रश्न पुन्हा येईल. कदाचित् याच आठवड्यांत. आमचें उशिरा आलेलें उत्तर आज सर्वांदेखत ऐका : खोली द्यावी. सणाला त्यांच्या दारीं जावें, त्यांच्या घरीं मृत्यु झाल्यास खांदा द्यावा, आणि त्यांच्या धर्माची निंदा आपल्या ओटीवर कोणी करूं लागल्यास त्यास तेथेंच थांबवावें. एवढें घडलें तर ही ज्युबिली प्रभूस मान्य झाली, असें आम्ही समजूं.

प्रभु तुम्हां सर्वांस व तुमच्या शेजाऱ्यांस आशीर्वाद देवो. आमेन.