फुगडीला जागा किती लागते?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण, किंचित संपादित करून.)



सकाळपासून आपण पोटगी, सातबारा आणि पोलिस ठाण्याबद्दल बोलतो आहोत. मला विषय दिलाय 'आनंद'. टिपण काढायला बसले तर मनात पहिला प्रश्न आला, शिबिराचा वेळ यावर घालवावा का? पुरुषांच्या शिबिरात हा प्रश्न कुणाला पडत नाही. तिथं संध्याकाळी व्हॉलीबॉलचं नेट आपोआप लागतं.

फुगडीपासून सुरुवात करते. तिला साधन लागत नाही, मैदान लागत नाही. समोरासमोर उभं राहायचं, पावलं जुळवायची, हातांची अढी घालायची आणि मागं झुकायचं. एकीनं घाबरून अंग चोरलं की दोघी पडतात. चाळीस किलोची पोर आणि सत्तर किलोची मामी मजेत गरगरतात, कारण दोघींनी आपापला भार मागं टाकलेला असतो. वेग चढला की तोंडानं पकवा सुरू होतो, आजूबाजूचं घर पुसट होतं. एरवी 'हळू चाल, हळू हस' ऐकणाऱ्या बाईला आपलं अंग आपल्याच जोरावर फिरताना जाणवतं, ते त्या दोन मिनिटांत.

लहानपणी आमच्या आजोळी मे महिन्याच्या दुपारी माजघरात पत्ते चालायचे. बदाम सात, पाच-तीन-दोन, गुलामचोर, आणि माणसं जास्त असली की मेंढीकोट. आजी पानं लपवायची, मामा भांडायचा, कोट चढला की आरडाओरडा. पण चारची वेळ झाली की पानं पालथी ठेवून चहाला उठायची ती आईच किंवा मामी. 'माझी पानं बघू नका रे' म्हणत जायची. परत येईपर्यंत तिच्या जागी कुणी पोर बसलेलं असायचं. तो डाव तिला कधीच पुरा मिळाला नाही, आणि त्याबद्दल भांडावं असंही कुणाला सुचलं नाही.

या पत्त्यांत मोठी मावशी हमखास असायची. ती तरुणपणीच विधवा झालेली. सागरगोटे खेळायला बसली तर तिचा हात बघत राहावं असा. पण श्रावणात मंगळागौर असली की मावशी आत, ओट्याशी. बाहेर नव्या नवरीभोवती झिम्मा रंगायचा, आणि मध्येच बायका गाणं विसरायच्या. मग ओरडायच्या, 'पुढं काय गं?' मावशी आतून पुढची ओळ सांगायची. खेळ पुढं चालू. तिच्या गाण्याला मज्जाव नव्हता, तिच्या पावलांना होता. पत्त्यांच्या डावात कुणी कुंकू विचारत नाही, म्हणून तिथं तिला जागा होती.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसू नये, बांगड्या फोडू नयेत, मंगळसूत्र काढू नये. त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनीही असं करावं म्हणून राज्य सरकारनं परिपत्रक काढलं. मोठीच गोष्ट झाली. पण फेर धरताना तिचा हात धरून तिला ओढून घेणं ग्रामपंचायतीच्या शिक्क्यानं होत नाही. ते शेजारणीलाच करावं लागतं.

आता वेळेबद्दल. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं दिसलं. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची ९७. आईचा अर्धा डाव कुठं गेला, ते या आकड्यात आहे. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा १९७९ चा करार भारतानं १९९३ मध्ये मान्य केला. त्याचं तेरावं कलम काढून बघा. बँकेच्या कर्जाच्या हक्काला लागूनच करमणुकीचा, खेळाचा आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. कर्जासाठी आपण मोर्चे काढतो. दुसऱ्यासाठी कधी निवेदनसुद्धा नाही.

आपल्यात वाद होतो, की मंगळागौर हे नवऱ्याच्या आयुष्यासाठीचं व्रत, तेव्हा ते खेळ कशाला? व्रत नको, हे मला पटतं. शिवाय ती ठरावीक जातींच्या घरातली. पण फुगडी काही तिची एकटीची नाही. नागपंचमीला शेतकरी घरातल्या सासुरवाशिणी माहेरी येऊन झिम्मा-फुगडी खेळतात, कोकणात गौरीला फुगड्या घुमतात, गोव्यात धालोच्या मांडावर बायका रात्र जागवतात, विदर्भात भुलाबाई बसते. सासू-नणंदेबद्दल जे तोंडावर बोलता येत नव्हतं, ते बायकांनी याच गाण्यांत बोलून घेतलं. पूजा सोडली म्हणून खेळ सोडायची गरज नाही.

आता शहरांत मंगळागौरीचे संच मिळतात. एकसारख्या नऊवारी, माइक, ठरलेला कार्यक्रम. त्या बायकांना चार पैसे मिळतात, सरावाच्या निमित्तानं त्या घराबाहेर पडतात. त्यांना नावं ठेवणार नाही. मला खटकतात त्या समोरच्या खुर्च्या. खुर्चीतली बाई टाळ्या वाजवते आणि न फिरताच घरी जाते.

आमच्या गटात आम्ही दोन-तीन गोष्टी ठरवल्यात. बक्षीस ठेवायचं नाही. सवाष्ण कोण, हे विचारायचं नाही. भोंडल्याची खिरापत विकत आणायची, नाहीतर ती ओळखायच्या गमतीसाठी एक बाई दिवसभर स्वयंपाकघरात अडकते. गुडघे दुखणाऱ्यांनी बसफुगडीच्या वाटेला जाऊ नये, त्यांनी गाणी म्हणावीत किंवा बाजूला पत्त्यांचा डाव मांडावा. आणि डाव अर्धा टाकून चहाला कुणी उठायचं नाही.

जेवणाला अजून अर्धा तास आहे. चहा आज शिबिराला आलेले दोन दादा करणार आहेत, त्यांना साखर कुठं ते सांगून ठेवलंय. या सतरंज्या गुंडाळा, चपला कडेला लावा. गाडीच्या वेळेमुळं ज्या लवकर जाणार आहेत, त्यांनी पहिली फुगडी घ्यावी.